तराजूला लावलेलं बोट

“अजून किती पानं हा चांगला राहणार गो?” यशवंतने विचारलं.

“थोडीच,” म्हणत विनिताने पान उलटलं.

तिच्या हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. आधीच्या तीन भागांत ज्या हुकूमशहाने अख्खं शहर रडवलं, त्याचं हे बालपण. तिन्ही भाग तिने बापाला मराठीत करून ऐकवले होते. ती डिचोलीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. बाप वाडीतल्या देवळाचा गुरव. आई गेल्यापासून रविवारी सकाळची पूजा आटोपली की तो सोप्यावर दुर्वा निवडत बसे आणि ती वाचे.

“दुष्टाचं बालपण वाचायचं कशाला? साप लहानपणी काय गांडूळ होता?”

“कुठल्या पानावर बिघडला, ते बघायला.”

त्या पोराची एकेक लबाडी ती पेन्सिलीने समासात टिपून ठेवी. माणूस कुठे सडायला लागतो ते आपल्याला आता वासावरून कळतं, अशी तिची खात्री झाली होती.

एका माणसावर तिने अशी पेन्सिल कधी चालवली नव्हती. सर्वण गावचा रुद्रेश, मुरगाव बंदरात नोकरीला. चार वर्षांचं प्रेम. त्याच्या घरचे कुरकुरू लागले तेव्हा तोडगाही त्यानेच काढला होता. “देवीला कौल लावूया. उजवी पडली की सगळ्यांची तोंडं बंद.” देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावणारा हात अर्थात यशवंतचा.

डावी पडली. रुद्रेशने हात जोडले, “देवीपुढे आपण कोण?” म्हणाला आणि मुरगावची बस धरली. दीड महिना झाला. भांडण नाही, तक्रार नाही. इतका श्रद्धाळू माणूस हातचा गेला, याचंच विनिताला दुःख जास्त.

ती पुढे वाचू लागली. कादंबरीतल्या शहरात अन्न अपुरं. दरवर्षी प्रत्येकाला न्यायाच्या तराजूत बसवायचं, आणि ज्याचं पारडं खाली जाईल त्याला वेशीबाहेर काढायचं. पोरगा तराजूचा राखणदार. त्या दिवशी त्याचा जिवलग मित्र पारड्यात बसला, आणि पोराने दांडीला हळूच बोट लावलं. मित्राचं पारडं खाली गेलं.

“पिसो मरे हा, वेडा!” दुर्वांवरून नजर न काढता यशवंत हसला. “बोट लावलं तर चार लोक बघतात. डाव्या पाकळीला पाणी कमी लावलं की झालं. कोण बघतो?”

बोलून गेला, आणि हात थांबले.

विनिताने पुस्तक मिटलं. “माझ्या वेळी?”

“बाय…”

“माझ्या वेळी पाणी कमी लावलं होतं, बाबा?”

“हो.”

“का?”

यशवंतने निवडलेल्या दुर्वा पुन्हा निवडायला घेतल्या. “तुझ्या बऱ्यासाठी.”

तिला हसूच आलं. मित्राला वेशीबाहेर काढल्यावर पोरगाही हेच म्हणाला होता; पुस्तक मिटता मिटता पुढची ओळ तिच्या नजरेत भरली होती.

“माझं बरं कशात, ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ते विचारू नको.”

“रुद्रेशमध्ये वाईट काय होतं?”

“मी त्याला वाईट म्हटलं नाही.”

“मग?”

“चहा घे. निवतो.”

“बरोबर. आधी गळा कापायचा, मग चहा घे म्हणायचं!”

ती तडक देवस्थानचे अध्यक्ष गोकुळदास यांच्याकडे गेली. आज लेकीचं लग्न मोडलं, उद्या हाच हात वाडीतल्या प्रत्येकाचं नशीब ठरवील. असल्या माणसाला वेळीच थांबवायचं असतं, तीन भागांतून ती एवढं तरी शिकली होती.

“पोरी, बाप तुझा,” गोकुळदास म्हणाले. “विचार करून सांगतेस मगे?”

“विचार करूनच.”

तासाभरात सभामंडपात देवस्थानचे महाजन जमले. बायका खांबांआड उभ्या राहिल्या. यशवंत आला तो उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून.

“यशवंता, मुलगी म्हणते ते खरं?”

“खरं.”

“कुणी सांगितलं होतं तुला असं करायला?”

यशवंतने एकदा मुलीकडे पाहिलं. “कुणी नाही. मीच केलं.”

पणजोबांपासून चालत आलेली सेवा दुपारच्या नैवेद्याआधी गेली. त्याने गाभाऱ्याची किल्ली पायरीवर ठेवली, देवीला नमस्कार करायला हात उचलले, आणि करावा की नाही हे न कळून तसाच निघाला. विनिता दोन पावलं त्याच्यामागे गेली. पण वाईट वाटलं म्हणून काही आपण चुकलो असं होत नाही, असं तिने मनाला बजावलं आणि स्कूटर काढली.

सर्वणला रुद्रेश सुट्टीवर आलेला होता. अंगणात मोटरसायकल धूत होता. तिने हेल्मेटही काढलं नाही.

“कौल खोटा होता! बाबांनीच पाडली पाकळी. सगळ्या महाजनांसमोर कबूल केलं. सेवा काढून घेतली त्यांची. आता आपल्याला कोण अडवतो?”

रुद्रेशच्या हातातल्या नळीचं पाणी त्याच्याच पायांवर पडत राहिलं. त्याला ते कळलंही नाही.

“सेवा काढून घेतली?” तो म्हणाला. “आणि तरी माझं नाव नाही सांगितलं त्यांनी?”