पोहणं धरत नाहीत

सूचना फलकावर आरतीचं नाव लाल अक्षरांत झळकत होतं. पुढे लिहिलं होतं, ‘रोजची सरासरी बाराशे पावलं. शेरा : अत्यंत सुस्त.’

आरतीने ते दोनदा वाचलं. ओल्या वेणीतलं पाणी अजून पाठीवर ओघळत होतं. नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात ती वायरिंगच्या लाइनीवर कामाला होती. आठ तास एकाच स्टुलावर बसायचं, हात तेवढे चालवायचे. दिवाळीनंतर कंपनीने कामगारांच्या तब्येतीची काळजी म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारा बँड चढवला होता. फलकावर पहिला नंबर पॅकिंगच्या सत्यमचा होता. तो घरी गेला की बँड खोंडाच्या पायाला बांधून खोंड मोकळा सोडतो, हे अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं.

“मार्चात कायम करायची यादी निघनार,” सुपरवायझर कैलासभाऊ हळूच म्हणाले. “ह्ये पावलांचे गुण त्यात धरनारेत. जरा चालत जा गं.”

आरतीची कानशिलं तापली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती एचआरच्या केबिनमध्ये शिरली.

“मॅडम, मी सुस्त कशी?”

माधवी मॅडमनी संगणकावरून नजर काढली. “ते मी नाही ठरवत. बँड ठरवतो.”

“मी रोज सकाळी धरनाचं पानी पवून येते. संध्याकाळी तशीच परत जाते. बँड हातातच असतो.”

“पोहणं यात धरत नाहीत, आरती. पावलं पडली पाहिजेत. तू चालत का येत नाहीस? आपोआप दहा हजार होतील.”

“डोंगराला वळसा घालून चौदा किलोमीटर हाय, मॅडम. अलीकडच्या काठावरनं सुटनारी पावनेसातची बस कवा गाठू?”

“नियम सगळ्यांना सारखाच आहे.”

आरती दारापर्यंत गेली आणि मागे वळली. तिचा आवाज चढला होता.

“खोंडाची पावलं चालत्यात तुमाला, मानसाचं पवनं न्हाई चालत! एकदा काठावर येऊन बगा. मग लिवा सुस्त.”

माधवी मॅडम खरंच आल्या. गुरुवारी उजाडता उजाडता धरणाच्या काठावर गाडी उभी करून, शाल घट्ट लपेटून त्या थांबल्या. पाण्यावर धुकं होतं. आधी त्यांना तेलाचा रिकामा पिवळा कॅन दिसला, मग त्यावर छाती टेकून हात मारणारी आरती. कंपनीचा गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने डोक्यावर बांधला होता. काठाला लागली तेव्हा तिचे दात वाजत होते. तिने मनगट पुढे केलं.

बँडवर आकडा होता एकशे बारा.

“घराच्या दारापासनं पान्यापत्तूरची हायेत ही,” आरती म्हणाली. “फुडचं त्यानं काईच न्हाई मोजलं.”

माधवी मॅडम वाईट नव्हत्या. त्या दिवशी ऑफिसात पोचताच त्यांनी फोन उचलला. मुख्य कचेरीशी भांडल्या, बँड विकणाऱ्यांना धारेवर धरलं, पत्रामागून पत्रं लिहिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पोहण्याचे गुण मिळतील. हजेरीचे दिवस मोजून मागचेही धरले जातील.

सोमवारी आरतीचं नाव हिरव्या अक्षरांत सगळ्यांत वर होतं. कैलासभाऊंनी लाइनीवर पेढे वाटले. घरी तिचे वडील नवशा पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “म्हंजी आता पवल्यालं बी लिवून घेत्यात?” आरती हसून हो म्हणाली. त्या रात्री तिला शांत झोप लागली. आपण भांडलो आणि जिंकलो, असं तिला मनापासून वाटलं.

शनिवारी कँटीनमध्ये बक्षीस समारंभ झाला. मोठ्या साहेबांनी आरतीच्या गळ्यात पदक घातलं. माधवी मॅडम पुढच्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होत्या. साहेब माइकवर म्हणाले, “थंडी असो, वारा असो, या मुलीने एक दिवसही पोहणं चुकवलं नाही. आरती, हा छंद असाच जोपास. बाकीच्यांनी हिच्याकडून शिका.”

मग त्यांनी माइक तिच्या हातात दिला. कैलासभाऊंनी तिच्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. कंपनीचे आभार, साहेबांचे आभार, मॅडमचे आभार. आरतीने तोंड उघडलं, पण पाठ केलेल्या वाक्यांच्या आधी ‘छंद’ हाच शब्द तिच्या ओठांवर आला. फलकावरच्या लाल अक्षरांनीही तिला इतका संताप आला नव्हता.

“छंद न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “आमच्या वाडीचा रस्ता हाय त्यो.”

मागे कोणीतरी हसलं. आरतीने माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“आज सकाळी माजी वहिनी बी पवली माज्यासंगं. कॅनला लटकून. सातवा म्हैना हाय तिला. दवाखान्यात तपासायचं व्हतं, म्हून वढत आनली.”

साहेबांचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. माधवी मॅडमनी मान खाली घातली.

“तिला न्हाई कुनी बँड दिला,” आरती म्हणाली. “तिला कितवा नंबर देताय?”