चिल, मावशी

टाकीतल्या दुधाचं तापमान नऊ अंशांवर गेलं, तशा रंजनाबाई मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, कॉम्प्रेसर बंद पडलाय."

मॅनेजर म्हणून बसवलेला चेअरमनांचा पुतण्या मोबाइलमधून वर बघेना. "चिल, मावशी."

सोळा वर्षं त्या या चिलिंग सेंटरवर होत्या. चिल करणं म्हणजे दूध चार अंशांवर आणणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. याच्या तोंडी मात्र तो शब्द कशालाही चालायचा. थांबा, गप्प बसा, मला काय त्याचं. सॅम्पलच्या फ्रिजमधली त्याची बिअरसुद्धा चिल्डच असायची.

त्यांनी स्वतःच टँकर मागवून सगळं दूध शेजारच्या सेंटरला पाठवलं आणि घडलं तसं रजिस्टरमध्ये लिहिलं.

संध्याकाळी चेअरमन आले. "मीच टँकर पाठवला, काका," पुतण्या म्हणाला.

चेअरमनांनी रजिस्टर वाचलं. "'मॅनेजरला कळवलं. उत्तर मिळालं, चिल.' म्हणजे काय रे?"

चेअरमनांनी रजिस्टर मिटलं.

"बूट काढ. टाकी रिकामी आहे, आत उतरून धू."

"ब्रश कुठंय, मावशी?" त्यानं विचारलं.

रंजनाबाईंनी नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच्यावर एक शब्द वाया घालवावा, असं त्यांना वाटलं नाही.