विटा फोडणारा फौजदार

भरल्या ताटावरून उठून फोन घ्यायची ही कुठली रीत, असं म्हणत म्हातारीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला पुन्हा खाली बसवलं. पडद्यावर टोळ्याच्या टोळ्या लोळवणारा माणूस निमूट बसला.

"एवढा मोठा हिरो, आणि जेवतो कसा? चोरून खाल्ल्यासारखा. अन् खुर्चीच्या टोकावर काय टेकतोस? खुर्ची चावते का तुला?"

"नाही, आई."

तो दर रविवारी यायचा. गॅसची नळी बदलणं, म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, सगळं न सांगता करायचा. नीट टेकून मात्र कधी बसला नाही.

फोन निर्मात्याचा होता. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. सिनेमा नवा, धंदा जुनाच. लाथा, बुक्क्या, गच्चीवरून उड्या. असले सिनेमे पुन्हा करायचे नाहीत, असं म्हातारीने एकदा त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. त्याने शब्द पाळला. काही वर्षं घरी बसला, आणि मग हा पोलिसांचा गंभीर सिनेमा केला. शुक्रवारी लागला आणि रविवारपर्यंत आपटला.

धाकटी, म्हातारीची लेक, पेपर घेऊन बसली होती. "दादा, वाचू का रे?"

"वाच की," म्हातारीच म्हणाली. "साऱ्या गावाने वाचलंय, आपण काय पाप केलंय?"

धाकटीने वाचलं. "विटा फोडणाऱ्या हातांना फौजदाराची टोपी पेललेली नाही. तपास करताना हा आता कोणाला लाथ घालू, अशा चेहऱ्याने हिंडतो. आणि ज्या प्रसंगावर सिनेमा उभा आहे, नेमका तिथेच आडवा होतो. मुलगा गेला हे फौजदार त्या मुलाच्या आईला सांगायला जातो. लिहिलेली वाक्यं गिळून हा नुसता 'आई' म्हणतो आणि ओंडक्यासारखा उभा राहतो."

पुढचं तिला वाचवेना. तिने पेपर मिटला.

"खरंच आहे ते," तो म्हणाला. "वाक्यं पाठ होती. दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा करायला लावलं. समोरचं दार उघडलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी कंटाळून त्याने तसंच ठेवलं. लोक हसले, आई. तुम्ही होतात ना तिथे."

म्हातारी होती. त्याचा एकही सिनेमा तिने सोडला नव्हता. बोलाचाली सुरू झाली की ती खुशाल डुलक्या काढायची. मारामारी आली की पदर सावरून ताठ बसायची. लाथ मारणाऱ्याची पाठ दिसली की "तो बघ, तो बघ" म्हणून धाकटीला कोपराने ढोसायची.

काल मात्र मारामारी नव्हती. काल तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. तो प्रसंग आला तेव्हा मागे कोणीतरी शिट्टी मारली, मग सगळे हसले. म्हातारी हसली नाही. दिवे लागल्यावरही ती जागची हलेना. धाकटीने हाताला धरून तिला बाहेर आणलं.

फोन पुन्हा वाजायला लागला.

"घेतो आता," तो म्हणाला. "हो म्हणून टाकतो. तुम्हाला दिलेला शब्द मोडतोय, पण मला दुसरं येतंय काय? वयाची काळजी करू नकोस, म्हणतो निर्माता. तुझं तोंड तेवढं दे, उड्यांना माणसं मिळतात."

धाकटीने मान खाली घातली. म्हातारीने आपलं ताट बाजूला सारलं.

"नाही सांग त्याला."

"मग करू काय, आई? अभिनय येत नाही हे तर जगाने सांगितलं."

"जग गेलं खड्ड्यात. टोपी तुला शोभत नाही, चालतोस उंटासारखा, ते मीही सांगेन. पण त्या दारातलं काम वाईट झालं, असं माझ्यासमोर पुन्हा म्हणायचं नाही. तुझ्या जागी उडी मारून माझा पोरगा गेला, ते सांगायला तू या दारात आलास, तेव्हाही तुझ्या तोंडून तेवढंच निघालं होतं."