माथेरानचा हप्ता

क्रेडिट कार्डाचं कर्ज एकदाचं फिटावं म्हणून हेरंबने सकाळी बँकेत आपली माथेरानची आठवण जमा केली. लग्नानंतरची ती सहल कार्डावरच झाली होती आणि तिचं व्याज अजून चढतच होतं. शरयूही आपली द्यायला निघाली, तर म्हणाला, "तुझी राहू दे. मला सांगायला कुणीतरी हवं ना!"

घरी चहा पिताना त्याने विचारलं, "काय गं, मजा आली होती का तिथे?"

खरं तर माथेरानला त्याचं पोट बिघडलं होतं आणि दोघं खोलीतच भांडत बसले होते. ते लाडकं भांडण आता तिच्या एकटीपाशीच उरलं होतं.

"तू माझ्यासाठी गायला होतास," शरयू म्हणाली. "पॉइंटवर, सगळ्यांसमोर."

"मी? काहीतरीच!"

हेरंब चक्क लाजला. मग कप खाली ठेवून त्याने घसा खाकरला.

"कुठलं गाणं गं?"