बुरुलचं औषध

अर्धशिशीवर गोळ्यांपेक्षा रोज पळण्यानं गुण येईल, असं नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बुरुलला सांगितलं. गावाला मात्र बाई पळाली म्हणजे सासर सोडून पळाली, एवढंच ठाऊक. पहिल्याच आठवड्यात दोघांनी तिला घोड्यावर घालून घरी आणून सोडलं. शेवटी सासूच दारोदार सांगत फिरली, "अडवू नका रे बाबांनो, औषध आहे ते तिचं." डोकं दुखायचं खरंच थांबलं.

आज मेंढ्या चारून आलेला तालांत, तिचा नवरा, हातातला चाबूक घेऊनच अंगावर आला, तशी ती अनवाणीच जीव घेऊन सुटली. तोही मागोमाग. दुकानापुढच्या म्हाताऱ्यांपर्यंत ती कशीबशी पोचली, पण धाप लागून तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी हसून वाट करून दिली.

 

"शाबास तालांत, बायकोच्या दुखण्यात नवऱ्यानं अशीच साथ द्यावी."