ब्राउझरमधली किल्ली

"पुन्हा पाहिलं, दोन्या रुबिएला. किल्ली नाहीये," लिसेथ म्हणाली आणि मांडीवरच्या तान्ह्या लेकीला तिनं उगाचच जवळ ओढलं.

सगळे आदरानं दोन्या म्हणत त्या रुबिएलाच्या मुलीचा, मारिसोलचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. आई आणि भावासोबत मारिसोल राहायची, त्याच घराच्या गच्चीवरून तिला कुणीतरी ढकललं, असा पोलिसांचा संशय होता. तिच्या मृत्यूनंतरची नऊ रात्रींची प्रार्थना कालच संपली होती. मारिसोल रोज डायरी लिहायची, लिसेथनं बनवलेल्या वेबसाइटवर.

"साइट तुझीच ना, पोरी? मग उघड की! कुलूप करणारीलाच कुलूप उघडेना, असं कुठं असतं?"

"असंच असतं इथं. लिहिलेलं ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतं. आमच्याकडे येते ती नुसती अक्षरांची खिचडी. किल्ली त्या ब्राउझरबाहेर पडतच नाही. घरातल्याच माणसांना भिणाऱ्या बायका लिहितात, म्हणून मुद्दाम तसं केलं." लिसेथनं परत एकदा पडद्यावर नजर टाकली. "पण ब्राउझरचा साठा, त्यात जपलेलं सगळं, पुसला की किल्लीही जाते. म्हणून तर बातमी कळताच तुम्हाला फोन केला होता, साठा पुसू नका म्हणून."

रुबिएला कॉफीचा कप बशीत फिरवत राहिली.

"प्रार्थनेला घरभर माणसं. कुणी गाणी लावायला लॅपटॉप घेतला असेल, काहीतरी दाबलं असेल," लिसेथ स्वतःलाच समजावत राहिली. एक जादा किल्ली ठेवायची सोय आपण केली असती तर? तान्ही झोपेत हसली. ही मोठी होऊन असंच काही लिहील, आणि आपल्याला कधीच कळणार नाही, असं तिच्या मनात आलं.

"पोलिसांचे मोठे संगणक असतात म्हणे."

"त्यांनाही नाही जमणार."

"दहा वर्षांनी?"

"मला नाही वाटत."

"पोरीची शपथ घे."

लिसेथनं तान्हीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. माफ करा मला, दोन्या रुबिएला."

रुबिएलानं खुर्चीला पाठ टेकली. समोरची काळी कॉफी केव्हाच निवली होती. तिनं ती एका दमात संपवली.

"उद्या सरकारी वकिलासमोर हेच सांगशील?"

"सांगेन. पण ते विचारतील, साठा कुणी पुसला."

"मी पुसला," रुबिएला लॅपटॉप मिटत म्हणाली. "काय पुसायचं ते फोनवर तूच तर सांगितलंस. मुलगी गेली, पोरी. मुलगा तरी घरात राहू दे."