साका बसेपर्यंत

आरोग्य केंद्रातल्या टेबलावर लसीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि प्राध्यापकबाईंचा सगळा जीव त्यांच्यात अडकला होता.

"मॅडम, टेबलाला हात नका लावू," सिस्टर दुसऱ्यांदा म्हणाली. बाईंनी हात मागे घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि खिडकीपाशी जाऊन लगेच परतल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखं चाललं होतं त्यांचं.

डावीकडची बाटली सिस्टरने मुद्दाम रात्रभर गोठवून मग वितळवली होती. ती खराब, हे ठरलेलंच. उजवीकडची फ्रिजमधली, आज टोचायच्या साठ्यातली. काल त्या बाटल्यांवर सिस्टरला बर्फाचा पापुद्रा दिसला आणि तिने घाबरून बाईंना फोन केला. आता दोन्ही बाटल्या एकदम खळखळून हलवून ठेवल्या होत्या. डावीतला साका भराभर तळाशी बसणार. उजवी दुधासारखी एकसारखी राहिली, तर लस चांगली. तिचाही साका तसाच बसला, तर लस गोठून वाया गेली. मग ती टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच.

बाहेर बाकांवर आया तान्ह्यांना घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या वस्तीत डांग्या खोकला पसरला होता, म्हणून आज जास्तच गर्दी. त्या गर्दीत बाईंची सून होती, नातीला मांडीवर घेऊन. सुनेला खाजगी डॉक्टरकडे जायचं होतं. मुलानेही बायकोचीच री ओढली होती, पण बाईंनी घर डोक्यावर घेतलं. कारखान्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत लस धड कशी पोचवायची, हेच तर त्यांनी विद्यापीठात जन्मभर शिकवलं. आता त्यांचीच नात दुसरीकडे गेली म्हणजे झालंच की! या केंद्रातली लस डोळे मिटून घ्या, असं त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं.

कारण केंद्र त्यांच्याच देखरेखीखालचं. उन्हाळ्यात इथला फ्रिज तापायला लागला तेव्हा त्यांनी स्वतः बटण आणखी थंडाव्याकडे फिरवलं, आणि खबरदार कुणी हात लावाल तर, असं सिस्टरला बजावलं. उष्णतेने लस नासते, याचाच त्यांनी आयुष्यभर धसका घेतलेला. ऊन सरूनही बरेच दिवस झाले होते, बटण मात्र तिथल्या तिथे. थर्मामीटर दाराजवळ लटकवलेला, तो सगळं ठीक दाखवत राहिला. आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या बाटल्या गारठत राहिल्या.

सिस्टर हळूच म्हणाली, की गोठलेल्या लसीने तसा अपाय काही होत नाही. आज टोचून टाकू, नवा साठा आला की काहीतरी निमित्त काढून पुन्हा बोलावू. आया खूश, आणि कुणाला कळायचंही नाही. तिला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. बाई गप्प बसल्या, आणि आपण गप्प बसलो याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

डावी बाटली निवळली. तळाशी पांढरा थर, वर नितळ पाणी. बाई वाकल्या, डोळे बारीक करून उजवीकडे बघू लागल्या.

"ही अजून गढूळच आहे ना?"

उजवी बाटलीही वरून निवळत चालली होती.

बाईंनी दोन्ही बाटल्या नीट शेवटपर्यंत बघितल्या. मग दार उघडून त्या बाहेर गेल्या. आज लस मिळणार नाही, फ्रिजमध्ये गोठून ती निकामी झाली आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. चूक सिस्टरची नाही, माझी आहे, हेही सांगितलं. उद्या दुसऱ्या केंद्रातून चांगली लस आणवते म्हणाल्या. बायका कुरकुरल्या. एवढ्या लांबून आलो, कामावरची रजा फुकट गेली, कोण कोण काय काय बोललं. पण एकेक जण पिशव्या आवरून, बाळ खांद्यावर टाकून उठायला लागली. बाईंना हायसं वाटलं. खोटं टोचावं लागलं नाही, सुटले एकदाची.

सून मात्र उठली नव्हती. बाळाची दुपटी सारखी करत ती कसला तरी विचार करत होती. मग तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता.

"आई, मागच्या महिन्यात हिला टोचलं, ते याच फ्रिजमधलं होतं ना?"

दारापर्यंत गेलेल्या बायका थांबल्या. मग एकेक करून मागे आल्या आणि पुन्हा बाकांवर बसल्या.